कोणाच्याही मदतीशिवाय

सदतीस जणांनी एकच प्रकल्प लिहिला होता, आणि त्या सदतिसांत मी होते.

केंद्रप्रमुख सरांनी गठ्ठा बाकावर आपटला. बाक लहान मुलांचा. आमचं अभ्यासकेंद्र म्हणजे दर रविवारी उघडणारी प्राथमिक शाळेची एक खोली. भिंतीवर बेरजेचे तक्ते, खाली आम्ही चाळिशीची माणसं, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. दूरशिक्षण म्हणतात याला. नोकरी करणाऱ्यांनी सवडीने शिकावं म्हणून विद्यापीठाने काढलेलं. सवड कुठे मिळते ते माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

"कोणताही उचला," सर म्हणाले. "पहिलं वाक्य वाचा."

मी वरचा उचलला. अक्षर जाड, रेघ सोडून वर चढणारं. 'मी गेली एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मळक्या बाजूला कामाला आहे.' दुसरा उचलला. तेच. तिसरा. तेच.

"हा पहिला कोणाचा?"

"बँकेतल्या सुरक्षारक्षकाचा. तो मोठ्या मिशांचा. सहाव्या पानावर तो बाळंतपणाच्या रजेवरून परत आलाय."

मला हसू आलं. तोंडावर हात ठेवला तरी फुटलंच.

"हसा," सर म्हणाले. "मीही हसलो. मग शेवटचा उघडला तर तुमचा."

प्रकल्प माझा होता. एकेक ओळ माझी आहे, असं मी सरांना ठणकावून सांगितलं. त्या दिवशी मला ते खरंही वाटत होतं.

आमच्या धुलाईखान्यात दोन खोल्या आहेत आणि मधल्या भिंतीत यंत्रं बसवलेली आहेत. यंत्राला दोन दारं. आमच्या बाजूने मळकं आत जातं, पलीकडच्या बाजूने धुतलेलं बाहेर येतं. मळक्या बाजूच्या माणसाने स्वच्छ बाजूला पाऊल टाकायचं नाही, जंतू जातात. बरोबर आहे, जातात. पण स्वच्छ बाजूच्या बायका चहाच्या सुट्टीतसुद्धा आमच्या बाकावर बसत नाहीत. आम्ही आंघोळ करून, कपडे बदलून आलो तरी नाही. पगार तोच, साहेब तोच, तरी त्या वरच्या आणि आम्ही खालच्या. जंतूंना एवढी अक्कल नसते. ही माणसांची अक्कल.

समाजशास्त्राच्या शेवटच्या विषयाला प्रकल्प होता: आपल्या कामाच्या जागेतील श्रमविभागणी. पंचवीस पानं, स्वतःच्या हस्ताक्षरात. मी हेच लिहिलं. रक्ताची चादर आधी गार पाण्यात टाकायची, गरम लागलं की डाग जन्माचा, हे लिहिलं. चादरीच्या गुंडाळीत काय काय निघतं ते लिहिलं. सुया, कात्र्या, कवळ्या, आणि एकदा चालू फोन, ज्यावर कोणाची तरी आई 'हॅलो, हॅलो' करत होती. जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, पोरांना शाळेत सोडून लिहिलं, कामातून वेळ काढकाढून लिहिलं.

बाकी सगळे विषय सुटले होते. आठ वर्षं लागली. दोनदा संख्याशास्त्रात आपटले. एक वर्ष सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तिसऱ्या वर्षी केंद्रानेच माझे चार गृहपाठ हरवले आणि वर मला विचारलं, पोचपावती आहे का? तेव्हापासून मी काहीही द्यायच्या आधी त्याची प्रत काढून ठेवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी प्रकल्प नेला, एक प्रत काढायला सांगितली. त्याने दोन काढल्या. एक मला दिली, एक ठेवून घेतली, आणि 'तयार प्रकल्प' म्हणून विकायला काढली. छत्तीस जणांनी ती घरी नेऊन आपापल्या हस्ताक्षरात उतरवली.

"नियम काय आहे?" मी सरांना विचारलं.

"सारखे आढळले तर सगळे रद्द. सगळ्यांना शून्य. पुढच्या सत्रात नवीन विषय घेऊन पुन्हा लिहायचा."

"मला पुढचं सत्र नाही, सर."

"माहीत आहे." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. नोंदणी आठ वर्षांची. माझं आठवं वर्ष या सत्राबरोबर संपत होतं. त्यानंतर पुन्हा पहिल्या वर्षापासून. आणि धुलाईखान्यातल्या पर्यवेक्षिकाबाई दोन महिन्यांत निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांचं काम गेली सहा वर्षं मीच करतेय, अगदी त्यांनी सही कुठे करायची तिथे फुली मारून देण्यापर्यंत. पण त्या जागेवर बसायला पदवी लागते. लोक मुलाखतीत म्हणतात, ज्ञानासाठी शिकतो. मी त्या खुर्चीसाठी शिकत होते. सांगायला लाज वाटत नाही. माझे गुडघे गेलेत.

"हे तुमचंच आहे हे शेंबडं पोरही सांगेल," सर म्हणाले. "चौदावं पान तर मी घरी बायकोला वाचून दाखवलं. इस्त्रीच्या रुळांचं. तिने हातातलं काम टाकून ऐकलं." मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "एक वाट आहे. मूळ लेखकाचं निवेदन. तुम्ही सही केलीत की तुमचा प्रकल्प तपासायला जाईल. बाकी छत्तीस जण नकलेत धरले जातील."

"म्हणजे?"

"दोन वर्षं परीक्षेला बंदी. यादी सोबत जोडलेली आहे. पुढच्या रविवारी दुपारपर्यंत द्या."

म्हणजे सही नाही केली तर छत्तीस जणांचं फक्त एक सत्र जाणार आणि माझी आठ वर्षं. केली तर मी पास आणि त्यांच्यावर बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, इतपत तरी नियमात होतं. पण आता फाशीचा दोर संन्याशाच्याच हातात दिला होता.

मी कागद घेतला आणि तशीच झेरॉक्सवाल्याकडे गेले. वाटेत शिव्या जुळवल्या होत्या.

"ताई, या या!" त्याचं तोंड उजळलं. "तुमचा प्रकल्प हातोहात गेला बघा. आणि तुमचं नाव कुठे येऊ दिलं नाही मी. आपल्याला बदनामी नको."

"मेल्या, तुला सांगितलं कोणी होतं?"

"अहो, आधीचा जो होता ना, छापखान्यावरचा, तो पाच वर्षं चालवला मी. प्रतीची प्रत काढून काढून पार फिक्का पडला. लोक म्हणायला लागले, वाचता येत नाही, नवीन आण. तेवढ्यात तुमचा आला. देवासारखा."

"छत्तीस जण बुडतायत, कळतंय का? आणि मी सदतिसावी."

त्याचा हात यंत्राच्या झाकणावर थांबला. मग म्हणाला, "असं कसं? छापखान्याचं पाच वर्षं कोणी काही बोललं नाही." खरोखर कोड्यात पडला होता. "ताई, हे सगळे तुमच्यासारखेच की. दिवसभर राबतात. पंचवीस पानं आणायची कुठून त्यांनी? मी काय वाईट केलं?"

दोन शिव्या दिल्या. तिसरी सुचेना. रागवायलाही अंगात ताकद लागते, आणि रविवारपर्यंत माझ्यात ती उरत नाही.

दुकानाच्या पायरीवर बसून यादी पाहिली. नावं नव्हती, नोंदणीचे नंबर आणि पत्ते. एकोणिसाव्या नंबरावर डोळे अडकले. तो नंबर मला पाठ होता. तो अर्ज मीच भरला होता.

धाकटीचा नंबर.

धाकटी आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो. ती दहा वर्षांनी लहान म्हणून धाकटी. मी मळक्या बाजूला गेले, ती स्वच्छ बाजूला. स्वच्छ बाजूची ती एकटीच आमच्या बाकावर येऊन बसते. शिकायचं वेड तिला नव्हतं, मी लावलं. तीन वर्षं तिच्या मागे लागले, 'अगं, जन्मभर चादरींच्या घड्या घालणार का?' शेवटी कंटाळून तिने नाव घातलं. आता तिचं सहावं वर्ष होतं आणि दोन विषय राहिले होते. बंदी दोन वर्षांची. बंदीच्या काळात नोंदणीचं घड्याळ थांबतं का, म्हणून मी नियमाचं पुस्तक उलटं-पालटं केलं. थांबत नाही. बंदी उठेल त्या दिवशी तिची मुदत संपलेली असेल.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कर सही. चोर आहेत सगळे."

"धाकटी चोर नाही."

"मग नको करू."

नवऱ्याचं हे एक बरं असतं. दोन्हीकडून हो म्हणायचं आणि कूस बदलायची.

सोमवारी चहाच्या सुट्टीत धाकटी बाकावर येऊन बसली. हात कोपरापर्यंत लाल, नेहमीसारखे. मी आडपडदा ठेवला नाही.

"प्रकल्प विकत घेतलास?"

ती कपात बघत राहिली. "घेतला."

"का गं?"

"मग लिहू कधी? तूच सांग. सहा आठवडे सकाळी माझी पाळी आणि दुपारी तुझी. घरी गेले की डोक्याला तेल लावायला हात वर होत नव्हता."

हे खरं होतं. मला लिहायला वेळ हवा म्हणून आठवड्यातल्या तीन दुपारी माझ्या जागेवर ती उभी राहिली होती. स्वच्छ बाजूचं काम संपवून मळक्या बाजूला यायची, माझा रबरी एप्रन चढवायची. तिच्या बाजूच्या बायका तिला त्यानंतर टॉवेलही हातात देत नसत, लांबून टाकत.

"माझा आहे हे कधी कळलं?"

"पहिल्या ओळीला. धुलाईखाने काय गल्लोगल्ली आहेत?"

"मग?"

"मग काय? घेऊन झाला होता. म्हटलं, तुझा आहे म्हणजे बरोबरच असणार. पोराचा अभ्यास घेता घेता उतरवला." ती जराशी हसली. "आणि ताई, रागावू नको, पण अकराव्या पानापासून पुढचं सगळं माझंच आहे की. तू कधी पाहिलीस ती बाजू?"

मी चहाचा घोट घेतला तो तसाच तोंडात राहिला.

कधी पाहिली होती? एकोणीस वर्षांत एकदाही नाही. मला यंत्राचं एकच दार माहीत. पलीकडे काय चालतं ते याच बाकावर बसून धाकटीने सांगितलं होतं आणि मी वहीत टिपलं होतं. शस्त्रक्रियेच्या हिरव्या कापडाला किती घड्या, त्या कोणत्या क्रमाने उलगडल्या पाहिजेत. कोण बाई कोणाला सरकून जागा देत नाही. इस्त्रीचे गरम रूळ चादर ओढून घेतात तेव्हा हात वेळेवर सोडला नाही तर काय होतं. "आधी वास येतो, मग दुखतं," असं ती म्हणाली होती. चौदाव्या पानाची सुरुवात त्याच वाक्याने होते. सरांच्या बायकोने काम टाकून ऐकलं ते धाकटीचे हात होते. माझं त्यात फक्त शुद्धलेखन.

मी तिला निवेदनाचं सांगितलं. यादीचं, दोन वर्षांचं, घड्याळाचं. तिने कप खाली ठेवला.

"करून टाक सही."

"तुझी सहा वर्षं जातील."

"जातील तर जातील. रविवारी झोपायला तरी मिळेल. सहा वर्षांत एक रविवार झोपले नाहीये मी." मग ती माझ्याकडे वळली. "पण एक विचारू का, ताई? तू मला विचारायला आलीस की सांगायला?"

घंटा झाली आणि दोघी आपापल्या दाराने आत गेलो.

पुढच्या रविवारी मी केंद्रावर लवकर गेले. वर्गात सर एकटेच, फळ्यावर आदल्या दिवशीच्या मुलांनी काढलेलं चित्र पुसत होते. मी निवेदन बाकावर उलगडलं आणि छापील ओळीवर बोट ठेवलं: 'सदर प्रकल्प मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय लिहिलेला आहे.'

"सर, ही ओळ खोटी आहे."

"म्हणजे?"

"अर्धा प्रकल्प दुसऱ्या बाईने सांगितलेला आहे. तुम्हाला आवडलं ते चौदावं पानसुद्धा. ती या यादीत एकोणिसावी आहे. ती माझी पाळी करत होती म्हणून मला लिहिता आलं, आणि माझी पाळी करत होती म्हणून तिला लिहिता आलं नाही."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

"सांगितलं की आत्ता."

"मी ऐकलेलं नाही." सर हळू बोलत होते. "ऐकलं तर लिहावं लागेल. लिहिलं तर मूळ लेखक एक राहत नाही. एक राहिला नाही की निवेदन बाद. सगळ्यांना शून्य. तुमचंही."

"मग तिला एकटीला वगळा."

"यादी वरून मंजूर होऊन आलेली आहे. खाडाखोड चालत नाही."

वरून. विद्यापीठ दोनशे मैलांवर. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळीने शेळीला शिंग मारलं तर नियम दाखवायचा. मी म्हटलं, "सर, कोणाच्याही मदतीशिवाय कोण शिकलंय हो? एक माणूस दाखवा. ही ओळ ज्याने लिहिली तो साहेब कोणाच्याही मदतीशिवाय जेवला असेल का त्या दिवशी? त्याचं ताट कोणी धुतलं? त्याच्या पोराला झोपवलं कोणी?"

सर माझ्यासमोरच्या बुटक्या बाकावर बसले. त्यांचेही गुडघे वर आले. आठवडाभर याच शाळेत शिकवतात आणि रविवारी आम्हाला. अकरा वर्षं एकही रविवार त्यांचा नाही. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांवर ओरडायला फार सोपं जातं, ती समोर असतात ना.

"मीही असाच शिकलो," ते म्हणाले. "नोकरी करून. माझ्या प्रबंधावर माझंच नाव आहे. टाइप बायकोने केला. आकडे भावाने तपासले. दोघं आभाराच्या पानावर आहेत."

"मग मलाही आभाराचं पान द्या."

"प्रकल्पाला आभाराचं पान नसतं. पंचवीस पानांची मर्यादा आहे."

हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत. नियम म्हणून म्हणाले. नंतर स्वतःच मान खाली घातली.

बाहेर एक एक जण यायला लागले होते. मोठ्या मिशांचा रक्षक व्हरांड्यात उभा राहून कोणाला तरी आपल्या लेकीचा फोटो दाखवत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, इथवर येईन तेव्हा माझं काहीतरी ठरलेलं असेल. आतून आवाज येईल, असलं काहीतरी. काही आलं नाही. फक्त एवढं कळत होतं की मी दमलेय, आणि आठ वर्षं पुन्हा पहिल्या इयत्तेपासून चालायला मी उठणार नाही. धाकटी तिशीतली आहे, ती उठेल, असंही मनात आलं. ती उठणार नाही हेही मला माहीत होतं. माणूस सही करण्याआधी स्वतःला काय काय सांगतो!

मी सही केली. कोणाच्याही मदतीशिवाय.

सरांनी खाली शिक्का मारला, तारीख घातली, कागद पाकिटात सरकवला. "अभिनंदन म्हणत नाही," ते म्हणाले. "पण सुटलात." मग खणातून छापील पत्रांचा गठ्ठा काढला. छत्तीस. वर नाव वेगळं, खाली सगळ्यांत एकच मजकूर: आपण नक्कल केल्याचे आढळल्यामुळे. पत्रांशेजारी त्यांनी कोरे लिफाफे ठेवले आणि घुटमळले.

"कारकून महिनाभर रजेवर आहे. पोस्टाचा माणूस उद्या सकाळी येईल. मला अकरापासून तास आहेत." त्यांनी लिफाफे बोटाने सरळ केले. "तुमचं अक्षर सुवाच्य आहे."

पुढचं मी त्यांना बोलायला लावलं नाही. पेन हातात होतंच.

मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी शिकवायला सुरुवात केली. यादीतले बरेच जण समोर बसले होते, त्यांच्या पाठी मला दिसत होत्या, आणि मी त्यांचे पत्ते लिहीत होते. पहिला रक्षकाचा. मग शिवणकाम करणारी एक. मग बसचा वाहक, एक पोळीभाजी केंद्रवाली, एक नुकतं लग्न झालेली. मधेच रक्षक मागे वळून कुजबुजला, "ताई, काय लिहिताय? आम्हाला पण दाखवा की."

"पुढे बघा," मी म्हटलं.

एकोणिसाव्या लिफाफ्याला यादी बघावी लागली नाही. घर नंबर, गल्ली, पाण्याच्या टाकीमागे, सगळं पाठ होतं. ठसठशीत अक्षरात लिहिलं, पोस्टमनला शोधावं लागू नये असं. पत्राची घडी घातली. आत टाकलं, डिंकावरून जीभ फिरवली, अंगठ्याने दाबलं, आणि पुढचा लिफाफा ओढला.